कोरोनाकाळातली अरबी ट्वीट्स: कोणी गोळा केली, कशी केली आणि त्यात कोण आलंच नाही

‘सोशल मीडियावरच्या लाखो पोस्टचा अभ्यास करून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला आहे की…’ अशी सुरुवात असलेल्या बातम्या आता सर्रास वाचायला मिळतात. लसीबद्दल लोकांना काय वाटतं, टाळेबंदीत किती जण खचले, अफवा कुठून सुटली, सगळ्याची उत्तरं या ‘लाखो पोस्ट’मधून काढलेली असतात. आकडा एवढा मोठा असतो की पुढचं विचारायचं राहूनच जातं. या पोस्ट नेमक्या कोणत्या? त्या निवडल्या कोणी? लिहिणाऱ्यांना विचारलं होतं का? आणि ज्यांच्या पोस्ट त्यात आल्याच नाहीत, त्यांचं काय?

हे सगळं एकाच ठिकाणी समजून घ्यायचं असेल तर कोरोनाकाळात अरबी ट्वीट्स गोळा करण्याचं जे काम झालं ते बघावं. इंग्रजीसाठी साधनं तयार होती, पैसा होता, माणसंही होती. अरबी बोलणारे जवळपास ४० कोटी, अरब लीगचे सदस्य देश २२, पण संगणकाच्या दृष्टीने ही भाषा बरीच अडचणीची. त्यातून बोली वेगळ्या, सरकारं वेगळी, बोलण्याची मुभा वेगळी. त्यामुळे इंग्रजीत जे प्रश्न झाकले जातात ते इथे उघडे पडतात.

तेव्हा अरबीत काय चाललं होतं

२९ जानेवारी २०२० ला संयुक्त अरब अमिरातीत पहिला रुग्ण सापडला. १४ फेब्रुवारीला इजिप्तमध्ये, तोच आफ्रिका खंडातलाही पहिला. २७ फेब्रुवारीला सौदी अरेबियाने परदेशी यात्रेकरूंसाठी उमरा, म्हणजे मक्केची वर्षभर चालणारी यात्रा, थांबवला आणि त्यानंतर चारच दिवसांत, २ मार्चला, त्या देशातही पहिला रुग्ण जाहीर झाला. मार्चच्या मध्यावर कुवेतच्या मशिदींतून अजान झाली तीत ‘नमाजला या’ या नेहमीच्या हाकेच्या जागी ‘आपापल्या घरीच नमाज पढा’ असं म्हटलं गेलं. पिढ्यान् पिढ्या कानावर पडलेली हाक बदलली, आणि ती ध्वनिफीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहिली. २३ मार्चपासून सौदीत संध्याकाळी ७ ते सकाळी ६ संचारबंदी लागली.

या दिवसांत लोक लिहीत होते. घाबरून, रागावून, एकमेकांना धीर देत, चुकीचे उपाय सांगत, आप्तांच्या मृत्यूची खबर देत. सौदीत ट्विटर तर चावडीसारखंच वापरलं जायचं. हे लिखाण हातचं जाऊ नये म्हणून काही विद्यापीठांतली माणसं कामाला लागली. मक्केच्या उम्म अल-कुरा विद्यापीठातल्या संशोधकांनी १ जानेवारी २०२० पासूनची ट्वीट्स गोळा केली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांच्याकडे सुमारे ३९ लाख ट्वीट्स झाली. कतार विद्यापीठातल्या गटाने २७ जानेवारीपासून सुरुवात केली. त्यांच्या संग्रहाचं नाव ‘आरकोव्ह-१९’. साधारण वर्षभरात तो सुमारे २७ लाख ट्वीट्सवर गेला. सर्वांत गाजलेली ट्वीट्स पुढे कोणी पसरवली आणि त्यांखाली काय चर्चा झाली, याचीही नोंद त्यांनी ठेवली. दोन्ही संग्रह इतर संशोधकांसाठी खुले केले गेले.

गोळा करणं म्हणजे नेमकं काय करतात?

कोणी बसून एकेक पोस्ट उतरवून घेत नाही. ट्विटरसारख्या कंपन्या बाहेरच्या प्रोग्रॅमना ठरावीक पद्धतीने माहिती मागण्याची सोय देतात. तिला एपीआय म्हणतात. संशोधकाचा प्रोग्रॅम या सोयीतून विचारतो, ‘अमुक शब्द असलेली अरबी ट्वीट्स दे’, आणि कंपनीचा संगणक ती पाठवतो.

पण तो सगळी पाठवत नाही. २०२० मध्ये फुकटच्या शोधात फार तर गेल्या सात दिवसांतली ट्वीट्स मिळत. दुसरा मार्ग थेट प्रवाहाचा होता. ट्वीट पडलं की लगेच मिळे, पण त्या क्षणी जगभरात पडणाऱ्या एकूण ट्वीट्सच्या साधारण एक टक्क्यापलीकडे गेलं की वरची गळत. म्हणजे कोणाला एप्रिलमध्ये जाग आली, तर त्याला जानेवारी फुकटात परत मिळणार नव्हता. साथ येतेय हे ज्यांना आधी कळलं आणि ज्यांनी त्याच आठवड्यात प्रोग्रॅम चालू केला, त्यांच्याकडेच तो काळ शिल्लक राहिला. इतिहासाची साधनं अशा तारखेच्या योगायोगावर ठरावीत हे मला अस्वस्थ करणारं वाटतं.

शब्द ठरले की माणसंही ठरतात

सगळ्यात नाजूक काम म्हणजे कोणते शब्द शोधायचे त्याची यादी करणं. ‘कोरोना’ टाकलं की झालं, असं वाटतं. तसं होत नाही.

सौदीत ‘कोरोना’ हा शब्द २०२० मध्ये आलेलाच नाही. २०१२ मध्ये तिथे मर्स नावाचा आजार सापडला, तोही कोरोना विषाणूचाच, उंटांतून माणसांत येणारा. २०१४ साली जेद्दात त्याचा मोठा उद्रेक झाला आणि लोक त्या आजाराला सरळ ‘कोरोना’ म्हणू लागले. त्यामुळे या शब्दाने जुनी ट्वीट्स शोधली तर उंट, दवाखाने आणि मर्स असं सगळं समोर येतं. ‘साथीआधी लोक याबद्दल किती बोलत होते’ अशी तुलना करणाऱ्याने हे लक्षात घेतलं नाही तर त्याचा पायाच चुकला.

मग येतं शुद्धलेखन. अरबीत ‘कोरोना’ दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. त्यातली आखूड तऱ्हा स्वीडनच्या चलनाच्या नावाशी जुळते, त्यामुळे तिच्यासोबत परकीय चलनाचे भावही येतात. शिवाय अरबीत ‘आणि’, ‘ने’, ‘साठी’ या अर्थाची अक्षरं शब्दाच्या पुढे चिकटतात. आपण ‘कोरोनाने’, ‘कोरोनासाठी’ असं मागे जोडतो, ते ‘बिकोरोना’, ‘लिकोरोना’, ‘वकोरोना’ असं पुढे जोडतात. ट्विटरचा प्रवाह पूर्ण शब्द जुळला तरच ट्वीट देई. म्हणजे ही चिकटलेली रूपं यादीत वेगळी घातली नाहीत, तर ‘कोरोनाने माझे वडील गेले’ हे वाक्य निसटणार आणि ‘कोरोना: ताजी आकडेवारी’ ही बातमी मात्र हमखास मिळणार. साधा तांत्रिक तपशील वाटतो, पण त्याने संग्रहाचा सूरच बदलतो.

आणखी जवळून बघायचं तर विलगीकरण आणि संचारबंदी हे दोन शब्द घ्या. विलगीकरणाला अरबीत ‘हज्र’ म्हणतात. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे हीच तीन अक्षरं ‘हजर’ म्हणजे दगड अशीही वाचता येतात. संचारबंदीतला मनाईचा शब्द ‘हझ्र’. तो उच्चाराला जवळचा, म्हणून घाईघाईत लिहिणारे एकाच्या जागी दुसरा टाकत. त्यात भर अशी की ट्विटरच्या अरबी पडद्यावर एखाद्या खात्याला ‘ब्लॉक’ करण्याचं बटण असतं, त्यावरही हाच ‘हझ्र’ शब्द. तेव्हा हा एकटा शब्द शोधला तर संचारबंदीत अडकलेल्या घरांबरोबर ‘मी त्याला ब्लॉक केलं’ अशा हजारो तक्रारी गोळा होणार. ‘हझ्र अत-तजव्वुल’ असा पूर्ण शब्दप्रयोग शोधला तर कचरा कमी होतो. पण घरात बसलेला सामान्य माणूस पूर्ण शब्दप्रयोग लिहीत नाही, तो नुसतं ‘हझ्र’ लिहितो. कचरा टाळायचा तर माणूस जातो आणि माणूस धरायचा तर कचरा येतो. यातून सुटका नाही. कुठे थांबायचं ते ठरवायचं आणि ठरवलं ते लिहून ठेवायचं, एवढंच हातात असतं.

बोलीचा प्रश्न

शाळेत आणि बातम्यांत वापरली जाणारी प्रमाण अरबी सगळीकडे सारखी आहे. घरात ती कोणी बोलत नाही. ‘आत्ता’ या साध्या शब्दाला इजिप्तमध्ये ‘दिल्वअती’, सीरिया-लेबनॉनकडे ‘हल्लअ’, आखाती देशांत ‘अल्हीन’, इराकमध्ये ‘हस्सा’ आणि मोरोक्कोत ‘दाबा’ म्हणतात. मोरोक्कोतल्या माणसाचं घरगुती बोलणं कुवेतच्या माणसाला सहज कळत नाही.

आजाराच्या बाबतीत याने मोठा फरक पडतो. तापाला प्रमाण भाषेत ‘हुम्मा’ म्हणतात. डॉक्टरांच्या आणि आरोग्य खात्याच्या ट्वीटमध्ये हा शब्द येतो. ज्याला ताप आलाय तो ‘हरारा’ म्हणतो, म्हणजे अंगात उष्णता. कैरोतला माणूस ‘सुखूनिय्या’ म्हणतो. आता संशोधकाने यादीत फक्त ‘हुम्मा’ ठेवला तर त्याला तापाबद्दल बोलणारे अधिकारी मिळतील, तापाने फणफणलेले लोक मिळणार नाहीत. आणि ‘हरारा’ घेतला तर आखातातल्या उन्हाळ्यात हवामानाची सगळी ट्वीट्स त्यात येऊन पडतील.

त्यात कितीतरी तरुण अरबी भाषा अरबी लिपीत लिहीतच नाहीत. रोमन अक्षरं घेतात आणि जे ध्वनी रोमनमध्ये नाहीत त्यांच्यासाठी आकडे वापरतात. घशातल्या ‘ऐन’साठी ३, खोल ‘ह’साठी ७. ट्विटर अशा ट्वीटची भाषा बऱ्याचदा भलतीच ठरवायचं, त्यामुळे ‘फक्त अरबी’ अशी चाळणी लावली की ही मंडळी बाहेर. आपल्याकडे मराठी रोमनमध्ये टाइप करणाऱ्यांची संख्या ज्याला ठाऊक आहे, त्याला हे नुकसान केवढं आहे ते वेगळं सांगायला नको.

३९ लाख आणि २७ लाख, यातलं खरं कोणतं?

भाषा एक, साथ एक. तरी एका गटाला साडेतीन महिन्यांत ३९ लाख आणि दुसऱ्याला वर्षभरात २७ लाख. दोन्ही खरे आहेत. शब्दांच्या याद्या वेगळ्या होत्या, ट्विटरकडे मागण्याचा मार्ग वेगळा होता, काय ठेवायचं याचे नियम वेगळे होते. म्हणूनच ‘लाखो पोस्टचा अभ्यास’ एवढ्याने काही कळत नाही. शब्दांची यादी कुठे आहे, हे विचारावं. प्रामाणिक संशोधक ती निबंधाबरोबर देतात.

गोळा केलं, पण वाचणार कोण?

लाखो ट्वीट्स माणसं वाचू शकत नाहीत, म्हणून काम यंत्राकडे जातं. त्याआधी साफसफाई असते. अरबी ट्विटरवर दोन गोष्टींचा पूर असतो. एक म्हणजे दुकानांच्या सवलतीच्या कोडची जाहिरात. जो हॅशटॅग चालतोय तो जोडायचा आणि जाहिरात टाकायची, मग विषय मृत्यूचा का असेना. दुसरी गोष्ट म्हणजे आपोआप पडणाऱ्या दुआ. अशी ॲप्स आहेत की एकदा परवानगी दिली की तुमच्या खात्यावरून कुराणातली वचनं आणि प्रार्थना ठरावीक वेळाने पडत राहतात. माणूस झोपलेला असतो, कधी तर हयातही नसतो, आणि खातं दुआ मागत राहतं. जाहिराती काढून टाकायला हरकत नाही. दुआ मात्र काढाव्यात की ठेवाव्यात हे अवघड आहे, कारण साथीच्या काळात लोक खरोखरच प्रार्थना लिहीत होते आणि दोन्हींचे शब्द सारखेच.

मग यंत्राला शिकवावं लागतं. काही हजार ट्वीट्स अरबी जाणणारी माणसं वाचतात, प्रत्येकावर शेरा मारतात आणि त्या नमुन्यांवरून यंत्र बाकीच्यांचा अंदाज करतं. इथे फसायला होतं ते भावना मोजताना. ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणजे ईश्वराची स्तुती. यंत्र म्हणेल हा माणूस आनंदी आहे. पण ‘अल्हम्दुलिल्लाह अला कुल्लि हाल’, म्हणजे ‘कुठल्याही परिस्थितीत ईश्वराची स्तुती’, हे अरब माणूस वाईटातल्या वाईट वेळी म्हणतो, नोकरी गेल्यावर, घरात मृत्यू झाल्यावर. हे वाक्य ‘सकारात्मक’ रकान्यात टाकलं की दुःखाचा आलेख खाली येतो आणि मंत्रालयात कोणीतरी समाधानाने मान डोलावतो. हे शिकवायला अरबी येणारं आणि त्या घरांत वावरलेलं माणूसच लागतं.

अफवांचंही तसंच. लसूण खाल्ल्याने विषाणू मरतो, गरम पाण्याच्या गुळण्यांनी घशातच नष्ट होतो, असे संदेश अरबीतही होते आणि मराठीतही. कतारच्या गटाने तथ्य तपासणाऱ्या संकेतस्थळांवरून १३८ दावे घेतले आणि त्यांच्याशी संबंधित सुमारे ९,४०० ट्वीट्स शोधून त्यांवर शेरे मारले. त्यात एक भेद त्यांनी नेमका पकडला. दावा पसरवणारं ट्वीट वेगळं आणि ‘हे खोटं आहे, ऐकू नका’ असं सांगणारं वेगळं. दोन्हींत शब्द तेच असतात. हा भेद केला नाही तर अफवा खोडणारी माणसंच अफवा पसरवणाऱ्यांत मोजली जातात.

या सगळ्याचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासाने सुमारे दहा लाख अरबी ट्वीट्स तपासली आणि लिहिणारे पाच प्रकारांत विभागले: अभ्यासक, माध्यमं, सरकार, आरोग्य क्षेत्रातले लोक आणि सामान्य जनता. कोणती माहिती कुठून येते हे कळलं तर आरोग्य खात्याला आपला खुलासा कोणाच्या तोंडून द्यावा हे ठरवता येतं. ज्या भाषेत लोक घाबरतात त्याच भाषेत त्यांना उत्तर देता येतं. साथीत ही गोष्ट औषधाइतकी मोलाची असते.

‘पोस्ट उघड होती ना, मग परवानगी कशाला?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि कायद्याच्या अंगाने त्यात तथ्य आहे. ट्विटरवर जे जाहीर लिहिलं ते कोणीही वाचू शकतो. पण चारशे ओळखीच्यांसाठी लिहिलेली ओळ आणि संशोधनाच्या संग्रहात कायमची जाऊन बसलेली ओळ यांत फरक आहे. ‘मला तपासणीत पॉझिटिव्ह सांगितलंय, आईला अजून बोललो नाही’ असं लिहिणाऱ्याने ते सहा वर्षांनी दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत वाचलं जावं असं मनात धरलेलं नसतं.

अरब देशांत या फरकाला धारही आहे. साथीच्या पहिल्या महिन्यांत सौदीच्या सरकारी वकिलांनी बजावलं की सार्वजनिक व्यवस्थेला बाधा आणणाऱ्या अफवा ऑनलाइन पसरवल्या तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. अमिरातीने अधिकृत माहितीशी न जुळणारी आरोग्यविषयक माहिती पसरवल्यास २०,००० दिरहम दंड जाहीर केला. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने ट्विटरच्या दोन माजी कर्मचाऱ्यांवर सौदीसाठी वापरकर्त्यांची माहिती काढल्याचा आरोप ठेवला होता. हे सगळं अरबी वापरकर्त्यांना माहीत होतं. त्यामुळे रुग्णालयात प्राणवायू नाही असं लिहायचं की नाही, हे ठरवताना त्यांचा हात आखडत असणार. आणि ज्याने लिहून अर्ध्या तासात पुसलं, त्याचं ट्वीट कोणाच्या तरी संग्रहात राहिलं, तर तो संग्रह त्याच्यासाठी धोका आहे.

याच कारणाने संशोधक ट्वीटचा मजकूर वाटत नाहीत, फक्त क्रमांक वाटतात. प्रत्येक ट्वीटला एक लांबलचक क्रमांक असतो. ट्विटरचा नियमच तसा होता. हे म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकं न देता फक्त दाखल क्रमांकांची वही द्यावी तसं. वही घेऊन तुम्ही कपाटाशी जायचं आणि पुस्तक जागेवर असेल तर वाचायचं. वाचकाने देणगी दिलेलं पुस्तक परत नेलं असेल, तर वहीत क्रमांक आहे, पुस्तक नाही. क्रमांकांवरून मजकूर परत मिळवण्याच्या या क्रियेला ‘हायड्रेशन’ म्हणतात आणि त्यासाठी ‘डॉक्युमेंटिंग द नाऊ’ या प्रकल्पाने एक मोफत साधनही तयार केलं होतं. ज्याने आपलं ट्वीट पुसलं त्याचं ट्वीट मिळत नाही. संशोधकाचं यात नुकसान होतं, आणि तरीही मी पुसणाऱ्याच्याच बाजूने आहे. आपले शब्द मागे घेण्याचा हक्क माणसाला असला पाहिजे, साथीच्या काळात तर जास्तच.

‘ट्विटर म्हणजे काही अरब जग नव्हे’

अगदी बरोबर. सौदी आणि कुवेतमध्ये ट्विटर घरोघरी होतं. इजिप्तची लोकसंख्या २०२० मध्ये दहा कोटींवर गेली, पण तिथला कल फेसबुककडे. ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्कोतही तेच. म्हणजे ‘अरबी ट्वीट्स’ म्हटलं की आखाताचा आवाज मोठा आणि नाईलकाठचा लहान होतो. येमेनमध्ये युद्ध चालू होतं, वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे. तिथून कमी ट्वीट्स आली याचा अर्थ तिथे त्रास कमी होता असा काढला तर तो अन्यायच होईल.

कोण कुठून लिहितंय हेही सहसा कळत नाही. नेमक्या जागेची खूण असलेली ट्वीट्स शंभरात जेमतेम एखाद-दोन, आणि २०१९ च्या जूनमध्ये तर ट्विटरने ट्वीटला नेमकी जागा जोडण्याची सोयच काढली. मग प्रोफाइलवर गावाच्या जागी जे लिहिलंय त्यावरून किंवा बोलीवरून अंदाज करायचा.

आणि एक मोठा गट भाषेमुळेच बाहेर राहिला. कतार, अमिराती, कुवेत या देशांत निम्म्याहून कितीतरी जास्त लोक परदेशी आहेत. बांधकामावरचे, टॅक्सीवाले, नर्सेस, हॉटेलातले. केरळचे, नेपाळचे, बांगलादेशचे, फिलिपिन्सचे, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडचे आणि गोव्याचेही. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या या लोकांमध्ये साथ पसरली, कामं बंद पडली, पगार अडकले. मे २०२० मध्ये परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणारी ‘वंदे भारत’ची पहिली विमानं अबुधाबी आणि दुबईहून सुटली तोवर कित्येक जण परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. हे लोक मल्याळममध्ये, उर्दूत, कोकणीत, मराठीत बोलत होते, तेही बहुतेक व्हॉट्सॲपवर. मराठीत बोलणारा तर कोणत्याच चाळणीत बसत नव्हता: देशाच्या हिशोबाने आखाती, भाषेच्या हिशोबाने परका. दोहा किंवा कुवेत शहराच्या साथीबद्दल अरबी ट्वीट्सवरून काढलेल्या कुठल्याही निष्कर्षाखाली ही गोष्ट ठळक लिहायला हवी.

ते क्रमांक आज कुठे आहेत?

क्रमांकांच्या याद्या अजून इंटरनेटवर आहेत. उतरवूनही घेता येतात. अडचण कपाटाशी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली. २०२१ मध्ये विद्यापीठांसाठी महिन्याला एक कोटी ट्वीट्सपर्यंत मोफत देणारी खास सोय सुरू झाली होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. त्याऐवजी जे साधं पॅकेज आलं त्यात महिन्याला १०० डॉलर भरून १०,००० ट्वीट्स वाचायला मिळत. मक्केच्या संग्रहातली ३९ लाख क्रमांकांची यादी त्या दराने परत मिळवायची तर ३९० महिने लागले असते, म्हणजे साडेबत्तीस वर्षं. त्यापेक्षा मोठ्या पॅकेजांची किंमत एखाद्या विद्यापीठाच्या विभागाला परवडण्यापलीकडची होती. फेसबुकच्या सार्वजनिक पोस्ट पाहायला संशोधक आणि पत्रकार ‘क्राउडटँगल’ वापरत, तेही १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं.

युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० मध्ये मोठ्या कंपन्यांवर संशोधकांना माहिती देण्याचं बंधन घातलं आहे. पण ते बंधन युरोपातल्या धोक्यांचा अभ्यास करण्यासाठी आहे. मक्केतल्या, कैरोतल्या किंवा पुण्यातल्या अभ्यासकाला आपल्या भाषेसाठी त्याचा आधार नाही. अरबी लोकांनी साथीच्या काळात लिहिलेलं लाखो ओळींचं लिखाण अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि आपलं मराठीतलंही.

पुढची साथ येण्याआधी करता येईल असं काही

शब्दांची यादी साथ आल्यावर घाईघाईत करायची गरज नाही. ताप, खोकला, दम लागणं, दवाखाना, रेशन, बंदी यांना कोणत्या बोलीत काय म्हणतात हे शांततेच्या काळातच लिहून ठेवता येतं. अरबीत हे काम थोडंफार चालू आहे. अबुधाबी, दोहा, बैरूत इथल्या संशोधकांनी बोलींचे शब्दसंग्रह आणि ट्वीटवरून देश ओळखण्याच्या स्पर्धा अशा मार्गांनी पाया घातला आहे. मराठीत पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट्सचा भावना नोंदवलेला संग्रह खुला केला. पण अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत ‘मला बरं वाटत नाही’ लोक कसं लिहितात, रोमनमध्ये कसं लिहितात, याची यादी एखाद्या आरोग्य विभागाच्या हाताशी असायला हवी, आणि ती त्या त्या भागातल्या आशाताईंना विचारून केलेली असावी.

दुसरा मार्ग आहे लोकांकडून थेट मागण्याचा. जवळपास प्रत्येक कंपनी वापरकर्त्याला त्याच्या स्वतःच्या पोस्टचा साठा उतरवून घेऊ देते. तो साठा माणसाने स्वखुशीने, नको ते काढून, एखाद्या विद्यापीठाला द्यायचा. संख्या लाखांत जाणार नाही. पण ज्याने दिलं त्याने समजून-उमजून दिलं असेल, आणि आखातातल्या कामगाराची मराठी त्याच दिवसाच्या कुवेती अरबीशेजारी ठेवता येईल.